राखणदाराला आधी आण

प्रिय मनू,

आधी सांगून टाकतो, कादंबरी मला खूप आवडली. प्रिंट काढून वाचली, माझा एक गठ्ठा संपला की तो आई उचलायची, त्यामुळे घरात जेवताना दुसरा विषयच नव्हता. आईला गौरीची आजी आवडली, ती तुला फोनवर सांगेलच. मी अडकलो तो राखणदारापाशी.

आपल्या गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं तेव्हा लोकांना वाडे-वालकिणीला जमिनी दिल्या, महादेवाचं देऊळ एकेक दगड उतरवून धरणाजवळ नेऊन परत उभं केलं, मातृदेवतेची मूर्ती वेर्ण्याला गेली. माणसं गेली, देव गेले, आणि तुझी गौरी विचारते की मग शिवेवरच्या राखणदाराला कोणी नेलं? त्याची मूर्ती नाही, देऊळ नाही, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि रात्रभर गावाच्या शिवेवरून फेरी मारायची एवढंच त्याचं काम, आता शीवच पाण्याखाली गेली तर त्याने जायचं कुठे? तर तो गेलाच नाही, अजून पाण्याखाली रोज फिरतोय, आणि दर मे महिन्यात पाणी ओसरून गाव वर आलं की बघतो, राहायला कोणी परत आलं का. लोक येतात, तिथेच राहिलेल्या सोमेश्वराच्या देवळात नमस्कार करतात, फोटो काढतात, संध्याकाळी आपापल्या गाड्यांनी निघून जातात. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही गो. इतकं खरं आणि इतकं आपलं काहीतरी तू लिहिलंयस, की मला वाटतं सगळं पुस्तक यावरच उभं राहायला हवं.

पण हा राखणदार येतो कधी, तर पुस्तक निम्मं संपल्यावर! त्याच्या आधी सात कुळं, त्यांच्या लढाया, हरवलेला स्फटिक, जन्माच्या वेळची भविष्यवाणी. ते वाईट लिहिलंय असं नाही, पण ते कुठल्याही मुलीने कुठेही बसून लिहिलं असतं. राखणदार तूच लिहू शकतेस. त्याला पहिल्या प्रकरणात आण, दिसला नाही तरी चालेल, काठीचा आवाज येऊ दे नुसता. आणि सात कुळं काढून टाक, जीवावर येईल, माहितीय मला, त्यांची नावं शोधायला तू किती खपलीस ते आईने सांगितलं. वेगळ्या फाईलमध्ये ठेव, दुसऱ्या पुस्तकाला होतील.

दुसरं जादूच्या नियमाबद्दल. तिसऱ्या प्रकरणात तू म्हणतेस की अंगाला धरणाचं पाणी लागलेलं असेल तेव्हाच गौरीला त्याचं बोलणं ऐकू येतं. मस्त नियम आहे. मग पुढे ती मडगावच्या फ्लॅटच्या गच्चीवर उभी असताना तो तिच्याशी कसा बोलतो? मुलं हे लगेच पकडतात, मोठे सोडून देतील पण मुलं नाही सोडणार. शेजारच्या सहावीतल्या मुलीला मी काही प्रकरणं वाचून दाखवली, तिने हाच प्रश्न विचारला, शिवाय दुसऱ्या प्रकरणातला कुत्रा पुढे कुठे गेला हेही विचारलं (मलाही कळलं नव्हतं). पण बघ, उत्तर तुझ्याच हातात आहे. साळावलीचं पाणी प्यायला दक्षिण गोव्याच्या बहुतेक भागात जातं, मडगावच्या त्या गच्चीवरच्या टाकीतसुद्धा तेच. म्हणजे बुडालेल्या गावावरून आलेलं पाणी गौरी रोज पिते, त्यानेच आंघोळ करते, आणि तिला ते माहीतच नाही! टाकी भरून वाहतेय, तिचे पाय भिजलेत, आणि तेव्हा तो बोलतो. नियम मोडला नाही आणि गोष्ट वाढली. कुर्डीला कधीच न गेलेल्या मुलांनासुद्धा त्या रात्री नळ सोडताना काहीतरी वाटेल.

अजून एक सुचलं, पटलं तर घे. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म याच गावातला, 1904 चा. तुझा राखणदार त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे फिरतोय. तर त्याला एखादी गाणारी मुलगी आठवू दे, नाव नको, माहिती तर अजिबात नको, फेरी मारताना तो एक सूर गुणगुणतो आणि कोणाचा ते सांगत नाही, एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल.

संवादातली कोकणी काढू नकोस. कोणी सांगितलं तरी नको, आणि पानाखाली अर्थही देऊ नकोस. मुलं संदर्भावरून बरोबर ओळखतात.

आता छपाईचं, यात माझं आयुष्य गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझे नव्वद हजार शब्द आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी चौदा पॉइंटचा टाइप आणि ओळींत मोकळी जागा हवी, म्हणजे डेमी आकाराच्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे साडेतीनशेच्या वर पानं. एवढं जाड पुस्तक मूल हातात घेत नाही आणि आईबाप किंमत बघून खाली ठेवतात. सात कुळं गेली की पंचेचाळीस हजारांवर येशील. सोळा पानांचा एक फॉर्म धरला तर बारा फॉर्म, 192 पानं, हातात छान बसणारं पुस्तक. आतली चित्रं काळ्या रेषेतली ठेव, रंगीत केलीस की एका रंगाऐवजी चार रंगांच्या प्लेट आल्या आणि खर्च कुठच्या कुठे. सगळे पैसे कव्हरवर घाल. आणि शिलाईचं बाइंडिंग माग, मुलं पुस्तक उलटं मोडून वाचतात, नुसत्या गोंदाची पानं सुटतात.

पुस्तक छापून देतो म्हणून ज्यांनी तुझ्याकडे पॅकेजचे पैसे मागितलेत त्यांना नाही म्हण. पुस्तक आवडलेला प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो आणि तुला रॉयल्टी देतो. स्वतःच छापायचं असेल तर ते उघडपणे स्वतः छापू, त्यात कमीपणा काही नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, ते त्यासाठी पैसे लावतायत हे बघूनच मला राग आला. सुरुवातीला दोनशे-तीनशे प्रती डिजिटल छपाईवर काढायच्या, ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या छपाईला, प्रती वाढल्या की दर उतरतो हे खरं, पण न खपलेले गठ्ठे कॉटखाली ठेवलेले लेखक मी खूप पाहिलेत, त्यांचं तोंड बघवत नाही.

चांगला प्रकाशक मिळाला तर करार मला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. कॉपीराइट तुझ्या नावावर राहायला हवा, तो तुझ्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे तुझ्या नातवंडांचाही विचार त्यात आहे. हक्क दिलेस तर किती वर्षांसाठी ते लिहून घे. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, पण काही प्रकाशक ‘कायमस्वरूपी’ असा शब्द बारीक अक्षरात घालतात, तोच शोधायचा. ऑडिओ, सिनेमा, भाषांतर हे हक्क वेगळे ठेव.

प्रूफ मी बघणार, ते माझ्याकडे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडला नेताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असले शब्द तुटतात, ते एकेक डोळ्यांनीच पकडावे लागतात. भारतातलं पहिलं छापायंत्र 1556 साली आपल्या गोव्यात आलं, आणि 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं ते रोमन अक्षरांत, कारण छपाईचे देवनागरी खिळेच नव्हते इथे. त्या गोव्यात माझ्या मुलीचं पुस्तक देवनागरीत छापलं जाणार, त्यात एक रफार तुटलेला मला चालणार नाही.

दिवाळीला पुस्तक यायलाच हवं हे डोक्यातून काढ. मैत्रिणींना तारीख सांगितली असशील तर असू दे, बदल ती. मे महिन्यात सुट्टी काढून ये, आपण कुर्डीला जाऊ, सोमेश्वरापासून जुन्या शिवेपर्यंत राखणदाराची फेरी स्वतः चालून बघू, तुझ्या अकराव्या प्रकरणात तो जेवढ्या वेळात पोचतो तेवढ्यात पोचता येतं का ते मला बघायचंय. येताना एक दिवस पणजीला, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांच्या विभागात बसू, मुलं पुस्तक उघडून कुठलं पान आधी बघतात ते तू स्वतः बघ.

तोवर पहिली तीन प्रकरणं नव्याने लिहून पाठव, राखणदाराला घेऊन. वर्डची फाईल पाठव, पीडीएफ नको, त्यात मला खुणा करता येत नाहीत.

तुझा,
बाबा

ता.क. कुत्र्याचं काय झालं ते शेजारची रोज विचारते, तिला काय सांगू ते लवकर कळव.