पाट्या दिसल्या, मालक दिसले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या मोटेलांच्या, म्हणजे मोटारीने फिरणाऱ्यांसाठीच्या रस्त्याकडेच्या छोट्या हॉटेलांच्या, छायाचित्र प्रदर्शनावरचा लेख वाचला. मुलीकडे गेले होते तेव्हा मीही ते पाहिलं आहे. जॉन मार्गोलीस यांची छायाचित्रं सुरेखच आहेत. पण 1956 च्या कायद्याने मोठे महामार्ग आले, 'रूट 66' हा जुना हमरस्ता ओस पडला आणि हे जग संपलं, असं लिहून लेखक मोकळे झाले. याला माझी हरकत आहे.

संपलं कसं? ज्या सॅन बर्नार्डिनोच्या विगवॅम मोटेलचा फोटो तुम्ही छापलात, ते सिमेंटच्या तंबूंचं मोटेल 2003 मध्ये एका पटेल कुटुंबाने घेतलं आणि सावरलं. आज अमेरिकेतली सुमारे निम्मी मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत, त्यांत बहुतेक गुजराती. लेखात याबद्दल एक ओळही नाही.

1980 च्या दशकात यजमानांच्या शिक्षणासाठी आम्ही ओक्लाहोमात होतो. एकदा प्रवासात रात्री खोली शोधत असताना एका मोटेलच्या दारात पाटी दिसली: 'अमेरिकन ओन्ड'. मालक भारतीय नाही, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून लावलेली. यजमानांनी न बोलता गाडी वळवली. पुढच्या गावात एका गुजराती बाईंकडे खोली मिळाली. ऑफिसमागच्या दोन खोल्यांत अख्खं कुटुंब राहत होतं. चादरी त्या बदलायच्या, नळ नवरा दुरुस्त करायचा, पगारी माणूस एकही नाही. म्हणून तर धंदा तगला! तेव्हा विमा कंपन्या अशा मालकांना दारात उभं करत नसत. शेवटी 1989 मध्ये या मंडळींनी स्वतःची संघटना काढली.

प्रदर्शनात निऑनच्या पाट्यांची भिंतच्या भिंत आहे. त्यात ती पाटी मी शोधली, नव्हती. मार्गोलीस शक्यतो माणसं टाळून फोटो काढत, ती त्यांची पद्धत होती. लेख लिहिणाऱ्याने माणसं का टाळावीत?

आणखी एक. लख्ख निळ्या आभाळाखालची ही छायाचित्रं तुम्ही काळी-पांढरी छापलीत, तीही छायाचित्रकाराचं नाव न देता. त्यांच्या 11 हजारांहून अधिक स्लाइड्स लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या सरकारी ग्रंथालयाने सर्वांसाठी मोफत खुल्या केल्या आहेत. फुकट मिळालं तरी खाली नाव द्यायला काय हरकत होती? लेखाचा दुसरा भाग येणार असं छापलं आहे. तो रंगीत पानावर घ्या, आणि लेखकांना तिथल्या एखाद्या मोटेलवाल्याशी आधी बोलायला सांगा.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक