चोबे-ओकावांगो सहलीत कबूल केलेला जलविहार न मिळाल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहली विभाग

महोदय,

आम्ही दोघे पती-पत्नी गेल्या नोव्हेंबरात आपल्या कंपनीमार्फत आफ्रिकेतल्या बोट्स्वानाला जाऊन आलो. कासाने इथे चोबे नदीकाठी तीन रात्री, पुढे ओकावांगोच्या डेल्टात, म्हणजे ती नदी फाटे फुटून पसरते त्या पाणथळ प्रदेशात, एका कॅम्पवर चार रात्री. दोघांचे मिळून 14 लाख 20 हजार रुपये आम्ही भरले. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर ‘नदी आणि पाणथळ’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. आम्ही पैसे मोजले ते त्या पाण्यासाठी. नुसते सिंह-हत्तीच पाहायचे असते तर यापेक्षा कितीतरी कमी खर्चात इतरत्र जाता आले असते.

माझे यजमान बावीस वर्षे पक्षी पाहत आहेत. हिवाळ्यात भिगवणची फेरी आम्ही चुकवत नाही. मोकोरोत, म्हणजे लांब काठीने रेटत नेतात त्या अरुंद होडीत बसून पपायरसच्या बेटांमधून जायचे, कमळपानांवर चालणारे तिथले कमळपक्षी जवळून बघायचे आणि जमलेच तर पेलचे मासेमार घुबड शोधायचे, ही त्यांची किती वर्षांची इच्छा. त्यांच्या एकसष्टीसाठी आम्ही ही सहल ठरवली होती. आपल्या प्रतिनिधीला हे सगळे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते.

आमचे मूळ आरक्षण जुलैचे होते. 14 मे रोजी आपल्या कार्यालयातून फोन आला की कॅम्पवर जागा नाही, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जा. पाणी असेल ना, असे मी लगेच विचारले. त्यावर आलेल्या ईमेलमधले वाक्य जसेच्या तसे देते: ‘नोव्हेंबरमध्ये तिथे पावसाळा सुरू होतो, त्यामुळे डेल्टात पाणी भरपूर असेल, उलट फायदाच होईल.’ या वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही होकार दिला.

ते वाक्य साफ चूक होते. ओकावांगोचा पूर तिथल्या पावसाने येत नाही. अंगोलाच्या डोंगराळ भागात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस नदीने खाली उतरतो. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते पाणी डेल्टाभर पसरायला महिने लागतात. जून ते ऑगस्टमध्ये, बोट्स्वानात कोरडा हिवाळा असताना, डेल्टा भरलेला असतो. नोव्हेंबरात पहिल्या सरी येतात तोवर पूर ओसरलेला असतो आणि बराच भाग उघडा पडतो. 2014 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. तिच्या सहली विकणाऱ्या कंपनीला तिथे पाणी कधी असते एवढे तरी माहीत असायला हवे.

मौन (Maun) या गावाहून छोट्या विमानाने कॅम्पवर उतरलो तेव्हा समोर वाळलेले गवत आणि तडे गेलेली चिखलाची जमीन. मोकोरोचा धक्का होता, पण त्याखाली पाणी नव्हते. चारही दिवस आम्हाला जीपनेच फिरवले. तिथला वाटाड्या भला माणूस, त्याच्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. उलट त्यानेच यजमानांसाठी पहाटे लवकर निघून जमेल तेवढे पक्षी दाखवले. त्याच्याकडूनच कळले की डेल्टाच्या बारमाही पाण्याच्या भागात असे कॅम्प आहेत, जिथे नोव्हेंबरातही मोकोरो चालते. आम्हाला ठेवले होते ते फक्त पुराच्या काळात पाणी चढते अशा भागात. म्हणजे तारीख बदलताना कॅम्पही बदलला असता तर सहल वाचली असती. हे मला सर्वांत जास्त लागले. कोणी नकाशा उघडून पाहण्याचे कष्टच घेतले नाहीत.

चोबेवरही तेच. लेखी कार्यक्रमात ‘सहा जणांची छोटी बोट, रोज दोन फेऱ्या’ असे आहे. प्रत्यक्षात तीस-पस्तीस माणसांच्या मोठ्या बोटीतून रोज संध्याकाळची एकच फेरी झाली. ती बोट काठाच्या उथळ पाण्यात जाऊ शकत नव्हती, त्यामुळे लव्हाळ्यांतले पक्षी दुर्बिणीतूनही नीट दिसले नाहीत. कोरड्या दिवसांत चोबे नदीतल्या सेदुदू बेटाच्या परिसरात हत्तींचे कळप नदीवर उतरतात; आम्ही गेलो तोवर पहिला पाऊस होऊन आत जंगलात पाणवठे भरले होते आणि कळप पांगले होते. हत्ती दिसले, पण थोडे. वन्यप्राण्यांची हमी कोणी देऊ शकत नाही हे मी जाणते, त्यासाठी मी पैसे मागत नाही. पण बोटीची हमी आपण लेखी दिली होती.

सामानाचेही सांगते. छोट्या विमानात कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशवीच लागते आणि वजनावरही मर्यादा असते, हे आम्हाला मौनच्या विमानतळावर कळले. औषधे आणि कॅमेऱ्याच्या लेन्स पिशवीत भरून बाकी सामान तिथेच सोडावे लागले. निघण्याआधी एक फोन पुरेसा होता.

त्या कॅम्पच्या दरपत्रकात नोव्हेंबरचा दर जुलैपेक्षा कमी आहे. तरीही आपण आमच्याकडून जुलैचाच दर घेतला. परत आल्यावर मी तीनदा फोन केले, प्रत्येक वेळी ‘निसर्गावर आमचा ताबा नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पूर आणणे आपल्या हातात नाही, मान्य. पण पूर कधी येतो ते ग्राहकाला खरे सांगणे आपल्याच हातात होते.

माझी मागणी अशी: दोन्ही हंगामांच्या दरांतला फरक, न झालेल्या मोकोरो फेऱ्यांचे पैसे आणि चोबेवरच्या छोट्या बोटीचे पैसे, हिशेब लेखी दाखवून, परत करावेत. शिवाय 14 मेच्या ईमेलमधली माहिती चुकीची होती हे पत्राने कबूल करावे आणि माहितीपत्रकात कोणत्या महिन्यात कोणत्या कॅम्पवर पाणी असते ते छापावे. येत्या जुलैसाठी आपल्याकडे आरक्षण करणाऱ्यांनाही उद्या असाच फोन जाऊ शकतो, म्हणून ही शेवटची मागणी मला पैशांइतकीच महत्त्वाची आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पैसे भरल्याच्या पावत्या, 14 मेचा ईमेल, छापील कार्यक्रम आणि कोरड्या धक्क्याची तारखेसह छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
सहलीतील ग्राहक
कोथरूड, पुणे