आधी वही मागणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले आणि शब्दच सुचेनात, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

आमच्या चादरी-टॉवेलांच्या ऑर्डरी सोलापूरच्या पूर्व भागातल्या बायका घरोघरी फिरून घेतात. त्यांचं कमिशन वेबसाइट काढते. त्या पैशांवर कुणाच्या पोराची फी भरायची असते, कुणाची औषधं आणायची असतात. दिवाळीपुरता दर ८ टक्के होता, नंतर ६ केला. तर दिवाळीच्या ज्या बिलांचं कमिशन द्यायचं राहिलं होतं, तेही ६ टक्क्यांनीच निघालं! ५०० रुपयांच्या चादरीमागे ४० ऐवजी ३० रुपये. ज्यांनी ही वेबसाइट करून दिली होती ते म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाही, तुमच्या बायकांनाच हिशोब येत नाही." त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच सोडलं. पैसे घ्यायचे होते तोवर रोज तेच फोन करत होते. तो राग अजून उतरलेला नाही.

मग ते तपासायला तुम्ही आलात आणि लॅपटॉप बाजूला ठेवून, ऑर्डरी घेणाऱ्या कन्ना चौकातल्या मावशींना तेलुगूत विचारलंत, हिशोबाची वही बघू का? वहीही तेलुगूतच. एकेक ओळ त्यांच्याकडून वाचून घेतलीत, बिलांशी ताडून पाहिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मावशींची वही बरोबर आहे. प्रोग्रॅम चुकलाय." इतके दिवस त्या बाईवर खोटेपणाचा संशय होता, दादा. ती मान वर करून घरी गेली.

दुरुस्ती तुम्ही केलीतच. आता विक्रीच्या दिवशीची किंमत आणि दर त्या बिलातच नोंदला जातो, पुढे दर बदलला तरी जुनं बिल हलत नाही. सवलत वजा करून, जीएसटी न धरता जी किंमत उरते तिच्यावर कमिशन, हे स्क्रीनवर साध्या मराठीत दिसतं. पण हे काम जाणणारा दुसराही कुणी मिळाला असता. कमी शिकलेल्या बाईचं म्हणणं आधी खरं धरून तपासणारा माणूस मला तुमच्याआधी भेटला नव्हता. अशी माणसं प्रत्येक कचेरीत, प्रत्येक खिडकीवर बसलेली असावीत, असं फार वाटतं.

राहिलेला फरक सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेआधी सगळ्यांना दिला. तुमचं बिल मात्र अजून आलं नाही. विचारलं की "बघू" म्हणता. तसं नको, दादा. पूर्ण रकमेचं पाठवा आणि ते घेऊन स्वतः या, मावशी जेवायला बोलावतायत.

तुमची,
चादरीवाली ताई, सोलापूर