व्हीप सरकार वाचवण्यापुरता ठेवा, प्रत्येक विधेयकाला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन आलं की अमुक पक्षाने तीन ओळींचा व्हीप, म्हणजे सगळ्यात सक्तीचा पक्षादेश, काढला अशी बातमी येते आणि आपण वाचून पान उलटतो. पण त्याचा सरळ अर्थ असा होतो की त्या विधेयकावर आपल्या खासदाराला काय वाटतं याला आता किंमत नाही, मतदारसंघात तो काही का बोलेना, सभागृहात पक्ष सांगेल तेच मत द्यायचं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते.

हे आलं १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने, राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात. तेव्हा कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही, १९६७ ला हरियाणात गया लाल या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला होता. पण पक्ष सोडून जाणं वेगळं आणि पक्षात राहून एखाद्या कायद्याला विरोध करणं वेगळं, आपल्याकडे दोन्हीला शिक्षा एकच, अपात्रता! आणि फोडाफोडी तरी थांबली का? एकतृतीयांश आमदार-खासदार एकत्र फुटले तर अपात्रता नाही ही सवलत २००३ ला काढली, तरी २०२२ आणि २०२३ मधे आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. घाऊक गेलेल्यांना वाट सापडते, अडकतो तो एकटा आमदार ज्याला मनापासून एखादं विधेयक पटत नाही.

ब्रिटनकडून आपण ही संसदीय पद्धत घेतली, तिथे जानेवारी २०१९ मधे पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार (युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याचा) ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा त्याच पक्षाने सरकार वाचवलं. म्हणजे करार नको पण सरकार राहू दे, हे एकाच खासदाराला म्हणता येतं आणि सरकार कोसळत नाही. पुढे सप्टेंबरमधे नवे पंतप्रधान जॉन्सन यांनी २१ बंडखोरांना संसदीय पक्षातून काढलं, त्यांची खासदारकी मात्र काढता आली नाही. कॅनडात तर २०२२ ला कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी ७३ विरुद्ध ४५ मतांनी आपल्याच नेत्याला, एरिन ओटूल यांना, घरी बसवलं. आपल्याकडे नेता खासदाराला काढू शकतो, खासदारांनी नेत्याला काढायची कल्पना तरी कोणी करतं का?

यावर उपाय नवा शोधायचाय असंही नाही. निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० लाच सांगितलं होतं की व्हीप मोडल्याची अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला पण व्हीपची व्याप्ती मर्यादित असावी असंच म्हटलं. २०१० ला खासदार मनीष तिवारींनी तसं खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं, आणि खासगी विधेयक तर आपल्या संसदेत १९७० नंतर एकही पास झालेलं नाही. म्हणजे बदल करायचा तो सरकारी बाकांवरूनच, आणि तिथे जो बसतो त्याला हाच व्हीप सोयीचा वाटतो, मग पक्ष कुठलाही असो.

माझं म्हणणं एवढंच की सरकारवरचा विश्वास आणि बजेट सोडून बाकी सगळ्या मतदानाला आमदार-खासदार मोकळे हवेत. मला माहितेय की एवढ्यानेही पुरतं काम होणार नाही, कारण पुढच्या वेळी एबी फॉर्म कोणाला द्यायचा हे वरूनच ठरतं आणि तिकीट कापलं जायची भीती व्हीपपेक्षा कमी नसते. पण निदान विरोधात मत दिल्यावर तो पुढची निवडणूक होईपर्यंत आमदार म्हणून राहील, आणि लोक त्याला विचारू शकतील की बाबा तू असं मत का दिलंस. आज विचारलं तर उत्तर एकच मिळतं, पक्षाचा आदेश होता.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. विधेयक पास झाल्याची बातमी देताना त्याला व्हीप होता का, आणि कोणकोणत्या पक्षांनी काढला होता, हे एका ओळीत तरी छापत जा.

आपला,
एक नियमित वाचक