आठशे रुपयांचं पेटंट : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असता याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी राज्यातल्या एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. काल कळलं की आमचं पेटंट गेलं. कुणी चोरलं नाही, कुणी आव्हान दिलं नाही. सहाव्या वर्षाची नूतनीकरणाची फी भरायची राहिली. शैक्षणिक संस्थेला ती ८०० रुपये असते, साहेब. आठशे!

सांगोल्याकडच्या एका बागेतल्या मातीत आम्हाला एक जिवाणू सापडला होता, डाळिंबावरच्या तेल्या रोगाला आवर घालणारा. तो फवारणीच्या द्रावणात जिवंत कसा ठेवायचा, हे बसवायला सहा वर्षं गेली. त्याच पद्धतीचं हे पेटंट. लाईट गेली की फ्रीजरमधल्या नळ्या वाचवायला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून मी स्कूटरवरून आणायचो. पाठ अजून दुखते. त्याचं बिल मात्र मंजूर झालं नाही, कारण बर्फवाल्याकडे जीएसटी नंबर नव्हता.

एक कंपनी परवाना घ्यायला तयार झाली. आगाऊ रक्कम, वर विक्रीवर रॉयल्टी. करारावर सही कुणी करायची, या एका प्रश्नावर फाईल एकोणीस महिने फिरली. 'कृपया चर्चा करावी' हा शेरा मी अकरा वेळा मोजला, बारा असतील. लेखा विभाग म्हणाला, एकाच कंपनीला का, टेंडर काढा. पुढे पेटंटच्या फीसाठी तीन कोटेशनं मागितली. पेटंट ऑफिसला दुसरं दुकान कुठून आणू? कंपनी कंटाळून निघून गेली. तिचं काय चुकलं?

हळदीवरचं अमेरिकन पेटंट १९९७ साली माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या संशोधन परिषदेने, रद्द करून घेतलं, त्यावर व्यासपीठावरून अजून टाळ्या घेतल्या जातात. आमचं रद्द करायला आमचंच कार्यालय पुरलं.

अमेरिकेत १९८० पासून कायदा आहे, सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचा हक्क विद्यापीठाला ठेवता येतो. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी जनुकं जोडण्याच्या एका पद्धतीचे परवाने चारशेवर कंपन्यांना दिले आणि पंचवीस कोटी डॉलर मिळवले. आपल्या देशात तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात खोट होती, असेल. पण त्याऐवजी आमच्या हाती काय आलं? अर्ज केला की शाल, पेटंट मिळालं की श्रीफळ, आणि मानांकनाच्या तक्त्यात एक आकडा वाढला. मागच्या इनोव्हेशन डेला नाश्त्यावर चाळीस हजार उडाले म्हणतात. खरंखोटं लेखा विभाग जाणे. त्यात पन्नास पेटंटांची फी बसली असती. माझ्या विभागात सातपैकी चार जागा रिकाम्या आहेत, हे जाता जाता सांगतो. संशोधन करा म्हणणारे मात्र सगळे हजर असतात.

मागणं एवढंच : परवान्याच्या करारावर सही करायचा अधिकार विद्यापीठात एका माणसाला द्या, आणि त्याला महिन्याभराची मुदत घाला.

गेलेलं पेटंट अठरा महिन्यांच्या आत अर्ज केला तर परत मिळू शकतं. त्यातले सहा गेले. अर्जाच्या खर्चाची टिपणी मी आज सकाळीच दिली. दुपारी शेरा आला : 'कृपया चर्चा करावी.'

आपला,
एक प्राध्यापक