पगार ठरवणाऱ्या समितीवर एक कामगार हवा

संपादक महोदय,

हिंगणा एमआयडीसीतून मी टर्नर म्हणून निवृत्त झालो. थोडे शेअर आहेत, म्हणून वार्षिक अहवाल चाळतो. संचालकाचा पगार कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (सगळे पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधे येणाऱ्या पगाराच्या) किती पट, हे सूचीबद्ध कंपन्यांना २०१४ च्या नियमांनुसार जाहीर करावं लागतं. एका अहवालात हा आकडा तीन अंकी निघाला! (शेवटच्या पानांत, मुंगीएवढ्या अक्षरात.)

साहेबानं जास्त घ्यावं, हरकत नाही. पण पगाराची शिफारस करणारी समितीही संचालकांचीच. मशीनवरचा माणूस तिथं कुठून येणार? व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हवा, हे राज्यघटनेच्या कलम ४३-अ मध्ये १९७६ पासून लिहिलेलं आहे. त्याच वर्षी जर्मनीनं दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या (व्यवस्थापनावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाच्या) निम्म्या जागा त्यांना दिल्या. आपलं कलम मार्गदर्शक तत्त्वांतच राहिलं, म्हणजे कोर्टातून त्याची सक्ती करता येत नाही.

कामगारांना धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी इंडियन कॉफी हाऊस आठवावं. ते आधी चालवणाऱ्या सरकारी कॉफी बोर्डानं हात काढल्यावर कामगारांनीच सहकारी संस्था काढून ते चालवलं.

निदान पगार समितीवर कामगारांनी निवडलेला एक प्रतिनिधी सक्तीचा करावा. विदर्भातला एखादा खासदार तसं खासगी विधेयक मांडेल काय?

– एक निवृत्त टर्नर, नागपूर