फॉर्म भरून नेता, रिपोर्ट कुठाय?

संपादक साहेब,

आमच्या पंचवटीतल्या वस्तीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची पोरं फॉर्म घेऊन येतात, घरात माणसं किती, नळाला पाणी किती वेळ, संडास कुठे, सगळं विचारतात, आम्ही चहाही पाजतो आणि मग रिपोर्टचं काय झालं ते कधी कळतच नाही. २०१९ च्या पुरात गोदावरीचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं हे इथल्या म्हाताऱ्या डोळे मिटून सांगतील, पण तो प्रश्न फॉर्ममध्ये नसतोच! २०१४ पासून उन्नत भारत अभियानात कॉलेजं खेडी दत्तक घेतात, चांगलंच आहे, पण शहरातल्या वस्त्यांचं काय? सिंहस्थ तोंडावर आलाय. प्रश्न ठरवतानाच आम्हाला सोबत बसवा आणि रिपोर्ट मराठीत, समाजमंदिरात वाचून दाखवा.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक